येनिश म्हण, कासिम!

योसेफ गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायचा. सौदीतल्या बलद बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर जागा अरुंद, तरी पुन्हा पुन्हा पुढेमागे करून वळवूनच उतरायचा. "हाकलायला आले की वळायला वेळ मिळत नाही," म्हणायचा. तो स्वित्झर्लंडचा, शेजारच्या हॉटेलात लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे आजे-पणजे गाड्यांतून गावोगाव हिंडत, सुऱ्यांना धार लावत.

पहिल्याच भेटीत मी सहज म्हणालो, "म्हणजे तुम्ही जिप्सी!"

हातातली सुरी त्याने खाली ठेवली. "येनिश."

"अरे बाबा, सुरी घ्यायला आलास की शाळा घ्यायला?"

"येनिश म्हण, कासिम. मग भाव कर."

मी म्हटलं. भाव मात्र सोडला नाही. त्यानेही नाही. तिथून दोस्ती झाली.

त्याच्या आईला लहानपणी सरकारी माणसांनी उचलून परक्या घरी ठेवलं होतं, 'सुधारण्यासाठी'. सुट्टीला गेला की तो सभांमधून येनिश आणि सिंती या फिरत्या लोकांसाठी भांडायचा. "दया नको," म्हणे, "गाड्या उभ्या करायला जागा द्या."

त्या वर्षी त्याच्या गावाने नदीकाठचा गाड्यांचा तळ बंद करायचं काढलं. थंडीत त्याची बहीण तिथेच राहायची. गावसभेत हात वर करून निर्णय होणार होता. बहिणीला चार लोकांत बोलायची सवय नाही, बोलणारा हाच. पण सौदीबाहेर जायला कफीलची, म्हणजे ज्याच्या जामिनावर परदेशी माणूस इथे काम करतो त्या मालकाची, सही हवी. तोच माझाही कफील; परदेशी माणसाच्या नावावर दुकान होत नाही, म्हणून माझं दुकानही त्याच्याच नावावर. योसेफसाठी सही मागायला मी तावातावाने गेलो. घासाघिशीत मी कोणाला हरत नाही.

"आता कामावर सौदी पोरं ठेवायची आहेत," कफील शांतपणे म्हणाला. "त्याने आधी त्यांना लिफ्टचं काम शिकवावं, मग सहीचं बघू. आणि कासिम, ईदनंतर तुझ्या गल्ल्यावर माझा पुतण्या बसेल."

हमालीपासून उभं केलेलं माझं दुकान! मी ओरडलो. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. सौदा करायला हातात काहीतरी लागतं. माझा तर इकामा, इथे राहायचा परवानासुद्धा, त्याच्याच सहीवर होता. आजही आठवलं की डोकं तापतं.

सभेच्या संध्याकाळी योसेफ दुकानात आला. बहिणीने सभागृहातून फोन चालू ठेवला होता. तो गल्ल्यावर ठेवून आम्ही वाकून ऐकत बसलो. कोणी बोललं, कोणी हसलं. एका बाईने अडखळत काही म्हटलं. मग सगळं गप्प.

"लाईन गेली?"

"नाही. हात वर करतायत."

हातांना आवाज नसतो. नंतर टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या. बहीण काहीतरी विचारू लागली, पुन्हा पुन्हा तेच.

"काय म्हणतेय?"

"आता कुठे जाऊ, विचारतेय."

योसेफने फोन उचलून कानाला लावला. बाहेर त्याची गाडी नेहमीसारखी रस्त्याकडे तोंड करून उभी होती.