गहिरी हौस

आता हे कोणत्या तोंडाने सांगावे ते समजत नाही. पण चहा पुढ्यात आहे, तुम्ही सगळे घरचेच आहात, तेव्हा सांगून टाकतो. लोकांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने एक साधा तीन अक्षरी शब्द चुकीचा ऐकला आणि भरल्या मांडवात स्वतःची शोभा करून घेतली. तो माणूस मीच.

काल्हेरच्या सोनूबाई या धवलारीण. म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले ही पारंपरिक गाणी गाणाऱ्या. त्यांचे धवले मी अनेक वर्षे ध्वनिमुद्रित करत आलो आहे. एका धवल्यात दोन ओळींच्या मधे 'अख्खू' असा एक गूढ उच्चार येतो. तो कुणा विस्मृत ग्रामदेवतेचा धावा असावा, असे प्रतिपादन करणारा माझा स्वतंत्र लेख आहे. विद्वानांनी त्याची दखलही घेतली. असो.

सोनूबाईंचा मुलगा जयेश हा डीजे. एके काळी पंचक्रोशीतल्या हळदी त्याने गाजवल्या. मग एकाएकी त्या सोडल्या आणि इथल्या गोदामांत, पुढे मुंबई-गोव्यात, निवडक श्रोत्यांपुढे तो वाजवू लागला. तेव्हापासून मायलेकांत अबोला. त्यात धाकट्या मनीषाचे लग्न ठरले, आणि बहीण असली तरी सिनेमाची गाणी मी वाजवणार नाही, असे त्याने कळवले.

"सर, तुमी सांगा त्याला," सोनूबाई म्हणाल्या. "कुनी कुटं असतंस इचारलं, तर सांगतो अंडरग्राउंड. पोलीस मागं लागल्यावानी. सख्खा भाऊस हलदीला वाजवनार न्हाय, मंग मी तरी कशाला गाऊ? मी पन धवला गानार न्हाय."

धवलारणीच्या लेकीची हळद, आणि तीही धवल्यावाचून? मी तडक रविवारी दुपारी जयेशच्या गोदामात गेलो. मोठमोठ्या स्पीकरांची चाचणी सुरू होती. छातीच्या फासळ्या स्वतंत्रपणे हलत होत्या.

"जयेश, तू नेमके वाजवतोस तरी काय?" मी ओरडून विचारले.

"हाउस, सर."

मी ऐकले, हौस. हाउस नावाचे विलायती नाचाचे संगीत असते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

"ते उत्तमच. पण पोटापाण्याचे काय?"

"तेच ना. अख्खं करियर हाउसवरच चाललंय. कधीमधी टेक्नो. पण मनापासून विचाराल तर डीप हाउस."

डीप हौस. गहिरी हौस. मंडळी, मी थरारून गेलो. कलानिर्मितीमागची निरपेक्ष प्रेरणा विद्यार्थ्यांना समजावताना माझे तास संपत. हा मुलगा ती दोन शब्दांत सांगून मोकळा झाला होता.

"मग बहिणीच्या हळदीत तेच कर," मी सद्गदित होऊन म्हणालो. "फक्त हौस. दुसरे काही नको."

"हळदीला फक्त हाउस? आई तयार होईल?"

"कोणती आई हौसेला नाही म्हणेल?"

त्याने वाकून नमस्कार केला. "सर, आजवर असं कुणी बोललं नव्हतं मला."

बोलणार कसे? तेवढा बहिरा दुसरा कोण होता?

सोनूबाईंना मी निरोप दिला, जयेश वाजवणार आहे, आणि हौसेने वाजवणार आहे. त्या माउलीने ही वार्ता थेट पलीकडच्या राहनाळ गावापर्यंत पोचवली.

हळदीच्या संध्याकाळी मांडव फुलून गेला होता. जयेशने सुरुवात केली. धप, धप, धप, धप. मंडळी गाणे सुरू होण्याची वाट पाहू लागली.

"टेस्टिंग हाय," नवरीचे मामा म्हणाले.

बराच वेळ गेला. धप, धप, धप, धप.

"अजून टेस्टिंगच?"

मामांच्या शेजारी एक पॉवरलूमवाले पाहुणे बसले होते. ते अनुभवाने म्हणाले, "पोरा, लूम अडकला रं तुजा. बंद कर न् धागा बघ."

सोनूबाई हळदीची वाटी घेऊनच जयेशपुढे उभ्या राहिल्या. "यो काय लावलंस? गानं कुटं हाय?"

"हाउस आहे, आये. फक्त हाउस. तूच हो म्हणालीस ना? सर म्हणाले."

"मी हौस बोलले रं."

"मग हेच ते हाउस."

दोघेही माझ्याकडे वळले, आणि त्यांच्यामागून सगळा मांडव. संकटात माणूस आपल्या व्यासंगाचा आधार घेतो. मी उभा राहून म्हणालो, "मंडळी, घोटाळा शब्दाचा आहे. हौस हा मुळात अरबी शब्द, हवस."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मामा खोकले.

"सर," सोनूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी बसा."

मी बसलो.

तेवढ्यात हळदीने माखलेली मनीषा पाटावरून बोलली, "आये, पन यात शब्दच न्हाईत. जागा रिकामी हाय. तू गा की."

सोनूबाई थबकल्या. मग माइक घेतला आणि धवला उचलला. जयेशने आवाज खाली घेतला. आईचा श्वास जिथे तुटे, तिथे त्याचा ठोका येई. सिनेमाच्या गाण्यांखाली किती वर्षे गाडला गेलेला तो गळा त्या दिवशी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आला. म्हाताऱ्या उठून नाचल्या. धवला संपला तेव्हा सोनूबाईंनी वाटीतली हळद लेकाच्या गालाला फासली. अबोला तिथेच मिटला. त्या क्षणी मी तिथे होतो, याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ राहीन.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईंनी मला बोलावले. "सर, मंग माजे धवले बी तुमी असेच आयकलेत का? वाचा बघू."

मी वाचू लागलो. 'अख्खू'शी त्यांनी हात वर केला.

"यो काय?"

"तो ग्रामदेवतेचा प्राचीन धावा."

"त्यो ठसका, सर. त्या दिशी शेजारीन मिरच्या भाजीत व्हती."

जयेशने ते ध्वनिमुद्रण मागून नेले आणि ठसका उचलून आपल्या नव्या ट्रॅकमध्ये बसवला. माझ्या साऱ्या संशोधनातला तेवढा एक उच्चार आज परदेशात लोक नाचून ऐकतात. ट्रॅकखाली त्याने माझे आभारही मानले आहेत: 'सरांचे, ऐकण्यातील सातत्याबद्दल.'