पहिला पेला चाचांचा

आमचे चाचा कुठल्याही टाकीचं पाणी आधी स्वतः प्यायचे. नाशिकला वडाळा नाक्याजवळ त्यांचं नळकामाचं दुकान. काम शाळेचं असो की दवाखान्याचं, नळ सुरू झाला की पिशवीतून स्टीलचा पेला काढायचे, घटाघटा प्यायचे आणि म्हणायचे, "घ्या ताई, आता तुमचं." त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण असला हट्टी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आम्ही नवरा-बायकोंनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन केली, तेव्हा तिच्यातलं बेसिन, टाकी, नळ्या सगळं चाचांनीच बसवलं. दिवाळीत मनालीला पर्यटक फिरवायचे, मग हिवाळाभर गाडी तिथेच उभी ठेवायची, असा आमचा बेत. पण उणे दहा-पंधरा अंशांत नळ्यांत पाणी राहिलं की गोठणार, आणि नळ्या फुटणार. म्हणून पाण्याऐवजी त्यात घालायला आमच्या उंटावरच्या शहाण्यांनी, म्हणजे नवऱ्याने, रेडिएटरचा हिरवागार कूलंट आणला. "गाडीचंच आहे ना शेवटी!"

चाचांनी कॅन हातात घेतला आणि भडकले. "इंजिनाला पाजायचंय का माणसांना? हे गोड लागतं आणि जीव घेतं. एप्रिलमध्ये पहिला पेला मी पिणार आहे, साहेब. मला मारायचंय का?" नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण होकार मीच दिला होता.

चाचांनी पूर्वी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पाईप जोडले होते. तिथे द्राक्षांचा रस थंड ठेवायला टाक्यांभोवती ग्लायकॉल नावाचं न गोठणारं द्रव फिरवतात. चुकून गळालंच तर रस नासू नये, म्हणून खाण्यापिण्याला चालणारं. चाचांनी ते दोन कॅन आणले. पण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवतील तर ते चाचा कसले! पाईपचे तीन तुकडे कापले. एकात साधं पाणी, एकात निम्मं ग्लायकॉल, एकात नुसतं ग्लायकॉल. टोकं बंद करून ओळखीच्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तुकडा उभा चिरलेला, बाकीचे दोन धडधाकट. कुल्फीवाला ओरडला, "चाचा, माझी मलई कुल्फी खराब झाली तर?" चाचा म्हणाले, "पाईप टिकला ना? मग कुल्फीचं मी खाऊन बघतो." आणि खरंच दोन खाल्ल्या.

त्यांच्या मोठ्या मुलाला हे सगळं पोरखेळ वाटत होतं. अब्बूंची सत्तरी झाली, हात थरथरतात, आता दुकान भाड्याने देऊन टाकू, असं दोघा भावांनी ठरवूनच टाकलं होतं. तो माझ्यासमोरच म्हणाला, "अब्बू, तुम्ही बर्फ पाहिलाय फक्त गोळेवाल्याकडे." चाचा शांतपणे म्हणाले, "एक नळी फुटली तर दुकान तुझं. नाही फुटली तर दुकानाबद्दल तू पुन्हा बोलायचं नाही." आमच्या गाडीवर या माणसाचं दुकान पणाला लागलं होतं.

दिवाळीनंतर मनालीत नवऱ्याने चाचांच्या फोनवरच्या सूचनेबरहुकूम टाकी रिकामी केली आणि नळ्यांत ग्लायकॉल भरलं. एप्रिलमध्ये आम्ही गाडी आणायला निघालो, तर चाचा पिशवी घेऊन नाशिक रोड स्टेशनवर आमच्या आधी हजर. "पेला कोण पिणार मग?"

मनालीत आमची गाडी ठेवली होती त्या अंगणात आणखी तीन व्हॅन उभ्या होत्या. एकीचा पंप तडकलेला, उरलेल्या दोन गाड्यांच्या नळ्या फुटलेल्या. चाचांनी आमच्या टाकीत पाणी भरलं, नळ सोडला. आधी फेसाळ, बुळबुळीत पाणी आलं. ते दुपारपर्यंत वाहू दिलं, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला. कुठे थेंब नाही! मग पेला भरून प्यायले आणि म्हणाले, "ताई, जिंकलो." मी भर अंगणात रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

शेजारच्या व्हॅनचे धिप्पाड सरदारजी हात जोडून आले. "उस्तादजी, मेरी भी देख लो." मग दुसरे आले, मग तिसरे. आठ दिवसांनी आम्ही परतायला निघालो, तर चाचा कुणाच्या तरी गाडीखालून बाहेर येईनात. तेवढ्यात मोठ्या मुलाचा मला फोन: अब्बूंना कधी आणताय?

मी वाकून फोन चाचांकडे धरला. गाडीखालून आवाज आला, "सांगा त्याला, अब्बू कामावर आहेत."