धुतलेले रुमाल

कोऱ्या कापडाचा खळीचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. मी रायपूरच्या एका दप्तरखान्यात अभिलेखपाल आहे. तिथे पूर्वी प्रत्येक गावाचे जुने कागद वेगळ्या रुमालात बांधलेले असत. कागदांवर नुसती माणसांची नावं, गावाचं नाव रुमालाच्या कोपऱ्यावर शाईनं लिहिलेलं. रजेवरून परतले, तर खोलीभर तो वास आणि पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या लाल कापडातली एकसारखी गाठोडी. तपासणी होती म्हणून आमच्या हेडक्लार्क बडेबाबूंनी सगळे रुमाल सोडून कागद आकाराप्रमाणे लावले होते. “जुने रुमाल कुठायत?” मी ओरडले. “काहून चिडून राहिल्या, दीदी? किती मळले होते! धोब्याकडून धुऊन आणले,” म्हणत त्यांनी पांढरेशुभ्र कोपरे माझ्यापुढे धरले. कागद जिथून आला तिथलाच म्हणून ठेवायचा, हे कळायला आमच्या शास्त्राला पिढ्या लागल्या. यांनी ते एका आठवड्यात धुऊन काढलं! वर तपासणीच्या साहेबांचा शेरा: व्यवस्था उत्तम. आजही कुणी म्हातारा आजाचं आणि गावाचं नाव सांगत येतो, तेव्हा त्याला मलाच सांगावं लागतं, “कागद आहे बाबा, इथंच आहे. पण सापडणार नाही.”