अखंड फळी
सागाचा ताजा भुसा नाकात गेला की मुलुंडची ती बिल्डिंग आठवते. तिथल्या एका घरच्या जेवणाच्या टेबलासाठी मी आठ वर्षं जपलेली अखंड फळी काढली होती. खोली तीनदा मोजली, लिफ्ट मोजायची मात्र राहिली. टेबल लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. घरच्या बाई खाली येऊन म्हणाल्या, "अहो, मधोमध कापा ना! वर टेबलक्लॉथच घालणार आहोत." भर पार्किंगमध्ये मीच करवत चालवली. वर नेऊन दोन तुकडे जोडले, तशा त्या म्हणाल्या, "झकास! कळतसुद्धा नाही." आता मी आधी लिफ्ट मोजतो. चांगलं लाकूड मागं ठेवून प्लायवर मायका चिकटवून देतो. लोक तेव्हाही झकासच म्हणतात.