टाकीतला साबण

दोष नानांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारलंत तरी तो माझंच नाव घेईल.

नाना म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. अमळनेरकडून सुरतेला आले, भेस्तानला आमच्या बिल्डिंगमागे जी कापड रंगवायची डाइंग मिल आहे तिच्या धुलाई खात्यात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. बिल्डिंगचे प्रमुखही तेच. का, तर बोअरच्या मोटरचं बटण त्यांच्या घरात आहे. मी बारावी सायन्स अर्ध्यात सोडल्यापासून ते माझ्याशी हुकूम देण्यापुरतंच बोलतात.

एक मात्र मान्य करतो. त्याच मिलच्या लॅबमध्ये त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. सोमवारपासून जायचं होतं. आणि मला ती नोकरी खरंच हवी होती. कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात बापासारखं बहिरं व्हायचं नव्हतं मला.

तर आदल्या दिवशीची, रविवारची गोष्ट. मोटर दुरुस्त करणाऱ्यानं तिच्यात इतकं तेल ओतलं होतं की गच्चीवरच्या टाकीत तवंग आला. चहाच्या कपात इंद्रधनुष्य दिसायला लागलं. नानांनी मला वर पिटाळलं.

"टाकी धुई काढ. मूठभर पावडर टाक. आनि पानी जास्ती वाया घालू नको. लाइटबिल तुन्हा बाप भरस का?"

"नाना, साबणाच्या कणाला दोन टोकं असतात," मी म्हणालो. "एक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला. एवढ्या तेलाला मूठभर पावडर काय पुरणार?"

"इतलं समजस, मंग बारावी कसाले सोडी?" असं म्हणून ते जिना उतरले.

आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही? मी मायची महिन्याची पावडर उचलली, लिंबाच्या वासाची, आणि अख्खी पिशवी टाकीत रिकामी केली. मग आत उतरलो आणि खराट्यानं भिंती घासल्या. तेल असं सुटलं म्हणता! साबणाचं शास्त्र बरोबरच होतं. फक्त त्याचा पुढचा भाग असा, की साबण तेल नुसतं सोडवून देतो. ते वाहून न्यायचं काम पाण्याचं. आणि साबणाला स्वतःला बाहेर जायलाही पाणीच लागतं, भरपूर. हा भाग बहुतेक मी कॉलेज सोडल्यानंतर शिकवला असावा. नानांचा हुकूम पाणी वाचवायचा होता. मी दोन-चार बादल्या मारल्या आणि खाली येऊन झोपलो. नानांनी मोटर लावली.

मायच्या हाकेनं जाग आली.

"ऊठ रे! गॅस बंद केला तरी डाळ उतू चाललीय."

नळ सोडला तर पांढरा फेस. शेजारी तेच, खालच्या मजल्यावर तेच. एका लहान पोराला आंघोळ घातली होती, तर त्याच्या कानातून फुगे निघत होते. खाली धावलो. मिलच्या भिंतीला लागून आमचं गटार आहे, ते फेसानं काठोकाठ भरलेलं. आणि गटारात फेस दिसला की भेस्तानात तो कोणाचा असं कोणी विचारत नाही. मिलनं आजवर तिथे लाल, हिरवं, निळं सगळं सोडलेलं आम्ही पाहिलंय.

"मिलचं केमिकल बोअरमध्ये उतरलंय," मी जाहीर केलं.

मोबाइल काढला, व्हिडिओ केला. बोललो ते असं: "हे बघा. आपल्या म्हाताऱ्यांनी जन्मभर शेठची हांजी हांजी केली, त्याचं हे बक्षीस. प्या आता." बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. फेसानं भरलेले तांबे घेऊन सगळी बिल्डिंग मिलच्या गेटवर. पुढे मी.

नाना माझी बाही ओढत होते. "अरे, उद्या तुले आठेच, या मिलमा कामाले येवानं शे."

"नोकरीसाठी विष प्यायचं का, नाना?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझ्यासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

वॉचमननं मॅनेजरला फोन केला, तो स्कूटरवरून आला. शांत माणूस.

"अरे भाई, आज संडे है. मिल बंद है. बॉयलर ठंडा पड़ा है."

"बंद दिखाके छुपके छोड़ते हो," मी म्हणालो. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कोकिलाबेन आल्या, खांद्यावर पिळलेली ओली साडी. त्यांना कशाचा पत्ताच नव्हता.

"आ पाणीमां वांधो शुं छे? में तो पावडर नाख्या वगर आखा घरनां कपडां धोई नाख्यां. जुओ, केवां चोख्खां!"

पावडर न टाकता घरभराचे कपडे स्वच्छ निघाले, हे ऐकून टाळ्या थांबल्या. मॅनेजरनं माझ्या हातातला तांबा घेतला, दोन बोटांत फेस चोळला, वास घेतला.

"लिंबू," तो म्हणाला आणि वर बघितलं. मग सगळ्यांनीच वर बघितलं. आमच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून फेसाचे गोळे सावकाश भिंतीवरून उतरत होते, थेट त्या गटारात.

"साबण सरस छे," मॅनेजर म्हणाला. "पाणी ओछुं पड्युं." पाणी कमी पडलं, म्हणे. मग माझ्याकडे नीट बघून, "नाना, कल से लैब में आनेवाला भतीजा यही है क्या?"

आणि ज्या माणसानं मला वर्षभरात एक गोड शब्द दिला नव्हता, तो हात जोडून म्हणाला, "नही साहेब. वो अलग. ये उसका छोटा भाई. इसका जरा..." आणि डोक्याजवळ बोट फिरवलं.

इथे गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण मला म्हाताऱ्यांचं खोटं सहन होत नाही ना.

"छोटा भाई कुठून आणला?" मी म्हणालो. "मला भाऊच नाही. मीच तो."

नानांनी डोळे मिटले. मॅनेजरनं तांबा गटारात उपडा केला आणि रिकामा करून माझ्या हातात दिला.

संध्याकाळी टाकी पुन्हा धुवायला नाना स्वतः वर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोटर चालू ठेवली आणि लाइटबिलाचं नावही काढलं नाही.

"जाऊ दे पानी," म्हणत राहिले. "जाऊ दे."

पाणी नितळ दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "लॅबमा तुले काय काम देनार होतात, माहीत शे?"

"काय?"

"धुयेल कापडमा साबण राही जास का, ते देखानं."

नोकरी गेली. आता बापाच्या शेजारच्या लूमवर उभा असतो.