सराईचा बोलता कोपरा

काल भिंतींसाठी चुना भिजवला आणि त्या वासानं वालूरची जुनी सराई आठवली. निजामाच्या काळातली, रुंद भिंतींची, दगडी कमानींची. तिच्या घुमटाखाली एका कोपऱ्यात भिंतीशी हळू बोललं, तरी समोरच्या कोपऱ्यात कानाशी बोलल्यासारखं ऐकू यायचं. बाजाराच्या दिवशी माझे वडील, दादा, तिकडून "ए उंदरे" म्हणायचे आणि मी इकडं हसायची.

मला बघायला पाहुणे तिथंच आले. बघणं झाल्यावर आईनं मला लांबच्या कोपऱ्यात बसवलं. पाहुण्यांसोबत आपण समोरच्या बोलत्या कोपऱ्यात बसलोय, हे दादा विसरले.

"पोरगी लय गप हाय. मुकी तर न्हाई ना?" पाहुणे हसले.

"लाजती. चौथी झाली, आता शाळा बंद. तुमी म्हणाल तवा लगीन करू," दादा म्हणाले.

मला पाचवीत जायचं होतं. मी भिंतीला तोंड लावलं. गार चुना ओठांना लागला. "नका, दादा," एवढंच म्हणायचं होतं, पण नुसता श्वास गेला.

दादांनी कानावरून हात फिरवला, माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून सुपारी फोडली.

तेव्हा वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. आता वाटतं, गेलं होतं.