बदियुद्दीन मास्तर आणि शुद्ध मराठी

१९६१ साली उमरखेडच्या एका हायस्कुलात मराठीचा एम. ए. झालेला मास्तर एकच होता, आणि त्याचं नाव बदियुद्दीन असल्यामुळे हेडमास्तरांची मोठी पंचाईत झाली होती. विद्यापीठानं बाहेरून बसलेल्या या माणसाला दुसरा वर्ग देऊन टाकला होता. हेडमास्तर बबनरावांनी त्याला पाचवी-सहावी दिली. अकरावीचं मराठी ते स्वतः घेत.

"वरच्या वर्गाला अभंग असतात, मास्तर," ते मायेनं सांगत. "तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं."

अवघडायचे ते खुद्द बबनराव. अभंग अडला की 'हा परीक्षेला येत नाही' म्हणून पान उलटायचे. त्या हिशेबानं अकरावीच्या परीक्षेला फार थोडंच येत असे.

श्रावणातल्या एका शुक्रवारी शाळेत मराठी मंडळाचं उद्घाटन ठरलं. नागपूरहून एक प्राध्यापक येणार होते, विषय होता 'मराठीची शुद्धी'. स्वागताचं भाषण मास्तरांनी तीन रात्री बसून लिहिलं. वाचणार होते बबनराव. वेळ, दुपारी एक.

"सर, आज जुम्मा आहे," मास्तर म्हणाले. "दीडला नमाज असते."

"ठाऊक आहे ना! म्हणूनच एकची वेळ धरली. शुक्रवारी तुमचा तास तसाही रिकामाच जातो, मुलांचं नुकसान नाही. तुम्ही या निवांत जाऊन."

एवढी सोय झाल्यावर मास्तरांना थांबायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी टोपी घातली नि निघाले.

मशिदीच्या हौदावर टांगेवाला फकिरा नमाजेआधी हातपाय धूत, वजू करत होता. त्यानं विचारलं, "मास्तरसाब, शाळेत आज मोठा जलसा हाये म्हनतेत. तुमी काहून इथं?"

"माझं भाषण दुसरे वाचून राह्यले."

"मंग बरंच हाये की. मेहनत तुमची, घसा त्यायचा." फकिरानं पायांवर पाणी घेतलं. "पन एक सांगा. तुमचं नाव असं, अन् पोरायले शिकवता मराठी. लोकायले खरं वाटते का?"

"पगारपत्रकाला वाटते," मास्तर म्हणाले.

खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं पेशइमामांचं प्रवचन, सुरू झाला. खुतब्यात बोलू नये हे मास्तर पाळत, पण त्यांच्या डोक्याला ते कोण सांगणार? पेशइमामांचा एक उच्चार थोडा घसरला आणि मास्तरांच्या मनातली लाल पेन्सिल लगेच वर आली. त्यांनी स्वतःलाच दटावलं, देवाच्या दारातही वह्या तपासतोस का रे? नमाजेत कपाळ टेकलं तेव्हा त्यांनी माफी मागितली, आणि लगेच आठवलं की भाषणाच्या तिसऱ्या परिच्छेदात 'अभिवृद्धी' आहे. बबनरावांच्या जिभेला तो शब्द काही पेलायचा नाही. पुन्हा माफी मागावी लागली.

ते शाळेत परतले तेव्हा भाषण उरकलं होतं. दाराशी देवसिंग चपराशी तोंडाला उपरणं लावून हसत होता. "मास्तर, सायबानं अभिवृद्धीचं 'अभी वृद्ध' केलं. पावने दोनदा मागं वळून पाह्यले."

मास्तर शेवटच्या बाकावर बसले. प्राध्यापक रंगात आले होते. मुठी आवळून ते म्हणाले, "मुलांनो, परकीय शब्दांनी आपली मायबोली विटाळली आहे! हे शब्द हद्दपार करा, अशी माझी शिफारस आहे. आजपासून जाहीर करा, की आमच्या वहीच्या कागदावर एकही यावनी शब्द दिसणार नाही!"

टाळ्या पडल्या. बबनरावांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मग पाहुण्यांनी शंका मागवल्या आणि मागून मास्तर उठले.

"एक अडचण आहे. 'हद्द' अरबी, 'शिफारस' फारसी, 'जाहीर' अरबी, 'कागद'ही तिकडूनच आला. हे चौघे गेले, तर बाकीचे शब्द घालवायचे कशानं?"

मग अकरावीच्या बाकावरून कुणीतरी फस्सकन हसलं आणि हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

"तुमचं मराठी फार चांगलं आहे हो! कुठं शिकलात?"

"उमरखेडात," मास्तर म्हणाले. "इथं मिळते."

पाहुण्यांना पाचची गाडी गाठायची होती, ती त्यांना एकदम तीनलाच आठवली.

सोमवारी बबनरावांनी नोटीस काढली: कार्यक्रम चालू असताना विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. निवांत जाऊन या, असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. मास्तरांनी नोटीस घडी करून खिशात घातली. घरी बायकोला, मेहरुन्निसाला, म्हणाले, "राजीनामा देतो."

"राजीनामा फारसी हाये ना?" ती पोळी लाटत म्हणाली. "मंग तुमच्या शाळेत तो चालनार नाही. गुमान खुलासा लिहा."

मास्तरांनी लिहिला. पाहुण्यांच्या उपदेशाप्रमाणे एकही परका शब्द येऊ दिला नाही: 'साप्ताहिकसामुदायिकोपासनार्थ मत्कृत प्रस्थान भवदनुज्ञापूर्वकच घडले असल्याने प्रस्तुत दोषारोप अनवधानमूलक होय.' असं दीड पान.

दोन दिवस कागद टेबलावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी बबनरावांनी मास्तरांना आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मास्तर, यात तुम्ही माफी मागितली आहे, की मी मागायची आहे?"

"मागायची ती आपण, सर."

बबनरावांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि खाली सही केली: 'वाचले. समाधानकारक.'